कोळशाचा डबा

१

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत नबी मिस्त्रीच्या गॅरेजला पाटी नव्हती. कडुनिंबाखाली दोन-तीन म्हाताऱ्या व्हॅन उभ्या दिसल्या की समजायचं, हेच ते. डिझेलच्या गाडीला हा माणूस हात लावत नसे. ट्रकवाला आलाच तर त्याला चहा पाजून गोडीत वाटेला लावी. पेट्रोलची गाडी, तीही आठ-दहा पावसाळे खाल्लेली, एवढ्यातच त्याचा जीव अडकलेला.

सिंधू दर रविवारी सकाळी आठला आपली व्हॅन तिथे नेऊन लावायची. ती अमरावतीच्या मुलींच्या शाळेत शिकवत असे आणि राहायला बडनेऱ्यात होती. जाता-येता सात मुली तिच्यासोबत असत. कर्जापायी शेतकरी जीव देत होते, तो दोन हजार पाच-सहाचा काळ. आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी मुली तेव्हा मामाकडे, मावशीकडे बडनेऱ्याला येऊन राहिल्या होत्या. गावचं घर सोडून का आलीस, हे त्यांना कोणी विचारत नसे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं की मुलगी दोन दिवस तोंड उघडत नाही हेही ठाऊक होतं.

व्हॅन जुनीच घेतलेली. पहिल्या महिन्यात आत पेट्रोलचा असा वास मारायचा की अमरावतीची राजापेठ येईपर्यंत एखादी मुलगी ओकलीच पाहिजे. तीन मिस्त्री झाले. तिघांनीही सीटमागचा काळा डबा दाखवून सांगितलं, हे लफडं काढून फेका, नळीला बोल्ट ठोका, कटकट संपली. चौथा नबी. त्याने डबा हातात घेतला, कोणी तान्हं मूल दाखवायला आणावं तसा उलटासुलटा करून पाहिला आणि तिला खाटेवर बसवून समजावलं.

"पेट्रोलले वास सुटते, बाई. उनात टाकी तापली का लयच सुटते. थो वास बाहेर गेला त आग, गाडीत शिरला त पोरीले चक्कर. या डब्यात कोळसा हाय. हा वास पिऊन घेते अन् सांभाळून ठेवते. गाडी चालू झाली का इंजिनले वापस देते. सवताले काई ठेवत नाई. असा इमानदार गडी तुमाले पुऱ्या बडनेऱ्यात भेटणार नाई."

गाडीतला वास गेला आणि तेव्हापासून सिंधूचे रविवार ठरून गेले. नबीचाचा आधी टाकीचं झाकण फिरवी आणि फुस्स आवाज किती वेळ येतो ते ऐके. मग हात पुसून डबा काढी. डब्याला तीन तोंडं. एकात टाकीकडून वास येतो, दुसऱ्यातून इंजिनाकडे जातो, तिसरं मोकळ्या हवेला. चाचा पहिल्या तोंडाला ओठ लावून फुंके आणि तिसऱ्यावर तळहात धरून हवा निघते का बघे. मग गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून, इंजिनापासून टाकीपर्यंत साऱ्या नळीवरून नाक फिरवी. सुं, सुं, सुं. गालात सदा एक लवंग. सगळं संपलं की ती लवंग या गालातून त्या गालात जाई, चाचा एकदा खाकरे आणि म्हणे, "न्या बाई. पोरी बसवा."

त्या खाकरण्यासाठी सिंधू थांबलेली असे. ते ऐकलं की आठवड्याची काळजी मिटली.

तिला या माणसाचं कौतुक होतं आणि ते ती लपवत नसे. टाकीजवळ नळीला त्याने एक सैल फेरा ठेवला होता. चार बोटं नळी उगाच लोंबायची. हे कशाला, असं तिने विचारलं तर म्हणाला, उद्या चिरली तर तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडता येते, पुढच्या माणसाले कामी पडते. पुढचा माणूस कोण ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तरी त्याच्यासाठी चार बोटं राखून ठेवायची, हे सिंधूला फार मोठेपणाचं वाटलं. तिने वर्गात मुलींनाही ते सांगितलं होतं.

चाचा तिची थट्टाही करी. किल्ली फिरवण्याआधी टाळूला जीभ लावून 'च्च' करायची सिंधूला सवय होती. वडिलांकडे बैल होते, तिथली ती. चाचा म्हणे, बैल नाई बाई, गाडी हाय. तरी तिचं च्च सुटत नसे.

२

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी दूध लागलं.

चाचाचं घर गॅरेजला लागूनच, आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीला पाठ लावून बसला होता. मांडीवर नळीचा तुकडा, डोळ्यांवर चश्मा. सिंधू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, निंबाखाली. तिथवर आधी करपल्याचा वास आला, मग धूर दिसला. तिने वाट पाहिली, कारण खिडकी चाचाच्या डोक्यापासून हातभर होती. चाचा नळी पुसत राहिला. धूर त्याच्या टोपीवरून गेला तरी त्याने मान वर केली नाही.

शेवटी सिंधूच धावली. चाचाची बायको कुलसुमबी मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. दोघींनी मिळून पातेलं उतरवलं. सिंधू हसत म्हणाली, चाचा कामात असले की जगबुडी आली तरी त्यांना कळायची नाही.

कुलसुमबी हसली नाही. तिने दार लोटलं आणि पातेलं खरवडता खरवडता हळूच सांगितलं.

"रमजानपासून नाक गेलं त्यायचं. काईच येत नाई. म्या अत्तर लावून समोर उभी राह्यते त पुसते, काहून उभी हायस? कोणाले सांगू नका बाई. नाक नसलेल्या मिस्त्रीकडं कोण येईन?"

सिंधूने मनात महिने मोजले. रमजान म्हणजे चार महिने झाले. चार महिने ती दर रविवारी इथून निर्धास्त होऊन सात मुली गाडीत बसवत होती. पण मग तिला पंधरा दिवसांपूर्वीचं आठवलं. टाकीमागची, केसाएवढी चीर. तिला बॅटरी लावूनही दिसली नव्हती. चाचाने ती शोधली होती, डोळे मिटून.

मग ती चीर कशी सापडली, असं तिने विचारलं. कुलसुमबीने पातेलं पालथं घातलं.

"मले इचारू नका. म्या एकदा पाह्यलं. मंग पाह्यलं नाई."

३

पुढच्या रविवारी सिंधू खाटेवर बसली नाही. वह्या तपासायचं निमित्त करून ती व्हॅनच्या उघड्या दाराला टेकून उभी राहिली.

झाकण. फुस्स. डबा निघाला. चाचाने फुंकलं. नेहमीपेक्षा लांब, छातीतलं सगळं. मग त्याने डबा खाली ठेवला नाही. फुंकलेल्या तोंडाला त्याने कान लावला आणि डोळे मिटले.

अंगण शांत होतं. लांब जंक्शनवर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते. त्या आवाजाखाली सिंधूला दुसरा एक आवाज ऐकू आला. डब्यातून हवा परत येत होती. फुंकलेली हवा थोडी परत यायचीच, त्यात नवल नाही. पण ही थांबेना. सिंधूने मनात आकडे म्हणायला सुरुवात केली. चाचाने फुंकलं होतं पाच-सहा आकड्यांपुरतं. परत येणारी हवा चौदापर्यंत चालली. मग थांबली, आणि पुन्हा आत गेली.

चाचाने डबा नळीजवळ धरून इंजिनापासून टाकीपर्यंत नेला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. सुं, सुं असा आवाज मात्र येत होता. टाकीपाशी पोचल्यावर कोणीतरी खाकरलं.

"न्या बाई," चाचा म्हणाला, "पोरी बसवा."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. गोपाळकृष्ण विज्ञान शिकवायचे. नजर अधू म्हणून गाडी चालवत नसत, पण गाडीचं शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. कोळशाला लाखो छिद्रं असतात, त्यात वायू धरून राहतो, ऊन लागलं की सुटतो. श्वासासारखं वाटणारच. आणि खाकरला तो नबीच, दुसरं कोण असणार? ते म्हणाले तेव्हा सिंधूला पटलं. तिला पटायला हवंच होतं. दुसऱ्या दिवशी मुली होत्याच.

तरी त्या आठवड्यात शाळेच्या आवारात गाडी उभी करून ती उतरायची आणि दार लावल्यावर क्षणभर तिथेच थांबायची. आतून काही ऐकू येत नसे. मग ती स्वतःवरच चिडायची आणि वर्गावर जायची.

४

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चाचाने अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी गॅरेजचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं.

आणि नेमकी त्याच आठवड्याच्या रविवारी अकोल्याला परीक्षा होती. तिथल्या एका वसतिगृहाने मुलींसाठी जागा काढल्या होत्या. राहणं, जेवण, शाळा, सगळं बारावीपर्यंत. सिंधूच्या सातही मुलींनी अर्ज भरले होते. वर्षभर तिने त्यांच्याकडून गणितं घोटून घेतली होती. सगळ्यांत हुशार शकुन. बापाच्या मागे आईने तिला मामाकडे ठेवली होती, पण मामाचं घर लहान आणि मामी थकलेली. शकुनला माहीत होतं, तिथे ती आणखी एक वर्ष काढू शकणार नाही.

शुक्रवारी सिंधू व्हॅन घेऊन अमरावतीला अजहर मिस्त्रीकडे गेली. पोरगा हुशार, गॅरेज नवीन, फरशी चकचकीत. त्याने सगळी गाडी तपासली. डबा काढून टाकू म्हणाला, तिने नाही म्हटलं. बरं म्हणून त्याने नळ्या पुसल्या, सैल होतं ते आवळलं, इंजिनाचा आवाज ऐकला आणि गाडी टकाटक आहे म्हणून सांगितलं. त्याचं काम स्वच्छ होतं. पण सिंधूचे कान उगाच खाकरण्याची वाट बघत होते.

शनिवारी दुपारी ती चाचाकडे गेली. तो उशांना टेकून बसला होता. बोलताना धाप लागत होती. तिने दार लोटलं आणि सरळ विचारलं, नाक नाही तर चीर कोण दाखवतं.

चाचाने नजर छताकडे वळवली. त्याला चोरी पकडल्यासारखी लाज वाटत होती आणि ते बघून सिंधूलाच वाईट वाटलं.

"म्या तुमाले खोटं सांगतलं होतं, बाई," तो म्हणाला. "सवताले काई ठेवत नाई म्हनून. ठेवते थो. सात-आठ महिने दर ऐतवारी म्या त्यात फुकलं. माह्याजवळ होतं थे सारं आता त्यात हाय. म्हनून त्याले समजते, मले नाई."

सिंधूने विचारलं, मग उद्या मी काय करू.

"कान लावा. खाकरला त न्या." मग त्याने उशीवरून मान उचलली. "पन तुमी फुकू नका. कसंबी झालं तरी फुकू नका."

५

रविवारी सकाळी साडेसहाला, मुली यायच्या आधी, सिंधूने डबा काढून कान लावला. काही नाही. पुन्हा लावला. रस्त्यावरून दूधवाला गेला. डब्यात कोळसा होता आणि कोळसा बोलत नसतो. आपण एका आजारी म्हाताऱ्याच्या बोलण्याला बळी पडलो, असं तिने स्वतःला बजावलं. अजहरने तपासलेली गाडी आहे. तिने डबा पट्ट्यांत बसवला, नळ्या जोडल्या.

सात वाजता मुली आल्या. वेण्या घट्ट, पेन्सिली टोकदार. अकराला परीक्षा, साडेदहाला फाटक बंद. सिंधूने किल्ली हातात घेतली, च्च केलं आणि निघाली.

मूर्तिजापूरपर्यंत गाडीत पाढे चालले होते. एकोणतीसचा पाढा शकुनला धडाधड येई, बाकीच्या तिच्या मागून ओढल्यासारख्या येत. बाहेरची हवा तापलेली म्हणून मुलींनी खिडक्यांच्या काचा ओढून घेतल्या होत्या. कपाशीची पऱ्हाटी उपटून झालेली काळी शेतं दोन्ही बाजूंना भेगाळून पडली होती. मूर्तिजापूर मागे पडलं तसे पाढे थांबले. परीक्षेची धास्ती असेल, सिंधूला वाटलं. तिचं स्वतःचंही कपाळ दुखत होतं. ऊन किती कडक आहे असं काहीतरी ती म्हणाली, पण कोणी उत्तर दिलं नाही.

तिने आरशात पाहिलं. शकुनचं डोकं खिडकीच्या गजावर आपटत होतं आणि तिला जाग येत नव्हती. मागच्या सहाही झोपल्या होत्या. एकीचं तोंड उघडं होतं.

सिंधूने ब्रेक मारला.

६

चौघी आपल्या पायांनी उतरल्या. दोघींना धरून उतरवावं लागलं. शकुनला तिने उचलूनच रस्त्याकडेच्या एका निंबाखाली आणलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा तिने डोळे उघडले आणि ती ओकली. वास तिथेच होता, गाडीतच होता, आणि सिंधूला आला नव्हता. वासात बसलेल्याला वास कळत नाही, हे चाचाने तिला शंभरदा सांगितलं होतं.

ती गाडीखाली शिरली. हाताने चाचपलं, नाकाने हुंगलं. तिच्या नाकात एव्हाना सगळीकडे पेट्रोलच होतं, नळीलाही, मातीलाही, स्वतःच्या बोटांनाही. गळती टाकीपाशी आहे की इंजिनाच्या तापलेल्या लोखंडाशी, हे कळल्याशिवाय किल्ली फिरवायची म्हणजे सात मुलींना आगीत बसवायचं. रस्त्यावरून लग्नाच्या जिपा जात होत्या, बोनेटवरही माणसं बसलेली. एकही थांबली नाही. सव्वानऊ झाले होते.

मुली हळूहळू भानावर आल्या. पाणी प्यायल्या, पाय पसरून बसल्या. शकुन चालत तिच्याजवळ आली आणि कंपासपेटी छातीशी धरून उभी राहिली.

"बाई, आपण नाई पोचलो त मामा मले गावी पाठवून देईन."

ती रडली नाही. सिंधूला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

तिने मुलींना झाडाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं आणि डबा काढला. कान लावला. काही नाही. उन्हात तो काळा डबा हाताला पोळत होता. फुकू नका, चाचा म्हणाला होता. कसंबी झालं तरी. तिने झाडाकडे एकदा पाहिलं, डब्याच्या पहिल्या तोंडावर ओठ लावले आणि फुंकलं.

काही झालं नाही. तिने पुन्हा फुंकलं, आणखी लांब. तिसऱ्यांदा फुंकताना तिला वाटलं की आपण फुंकत नाही आहोत. छाती रिकामी झाली होती आणि हवा तरी जातच होती, कोणी सावकाश ओढून घेत असल्यासारखी. तिने ओठ सोडवले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली.

मग ती हवा परत आली. संथ, ओलसर, तिच्या गालावर. तिला लवंगेचा वास आला. पेट्रोलमधून, धुळीतून, स्वच्छ लवंगेचा.

सुं, डब्यातून आवाज आला. सुं, सुं.

सिंधूला हातातून डबा टाकून पळावंसं वाटलं. तरी तिने तो टाकला नाही. चाचा धरायचा तसा दोन्ही हातांनी धरला, आणि इंजिनापासून नळीवरून न्यायला लागली. तिचा तळवा एका तोंडावर होता. प्रत्येक हुंगण्याबरोबर तळव्याची कातडी किंचित आत ओढली जात होती, सुटत होती. ती गुडघ्यांवर सरकत गेली. मागच्या चाकाच्या आत, टाकीच्या तोंडापाशी, हुंगणं थांबलं. तळवा ओढला गेला तो सुटेचना.

तिने तिथे बोट घातलं. चाचाचा सैल फेरा तिथे नव्हता. लोंबणारी नळी अजहरला वाईट दिसली असणार. त्याने ती ताणून क्लिपने आवळून टाकली होती, आणि त्या ताणाने नळी टाकीच्या तोंडाशीच चिरली होती. चीर वाकवल्याशिवाय दिसतही नव्हती.

पुढचं काम दहा मिनिटांचं. सीटखालच्या पिशवीत चाचाने दिलेलं ब्लेड आणि पान्हा होता. तिने अजहरची क्लिप सोडली. चाचाने राखून ठेवलेली चार बोटं मोकळी झाली. तेवढाच चिरलेला तुकडा तिने कापला, उरलेली नळी टाकीच्या तोंडावर चढवली आणि आवळली. नळी बरोबर पुरली, ना कमी ना जास्त. त्या म्हाताऱ्याच्या दूरदृष्टीने तिला भर उन्हात भरून आलं. पुढचा माणूस म्हणजे आपण होतो, हे तिला त्या क्षणी कळलं.

तिने डबा पट्ट्यांत बसवला. शेवटची नळी जोडताना तिच्या हाताखाली, डब्यात, कोणीतरी खाकरलं.

"चला गं," ती म्हणाली, "बसा."

किल्ली फिरवताना आपण च्च केलं नाही, हे तिला बोरगाव मंजू गेल्यावर आठवलं.

७

फाटक बंद व्हायला सात मिनिटं असताना मुली आत गेल्या. शकुन शेवटची. ती वळून हसली.

तीन तास सिंधू शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसून होती. शेजारी एका बाईने भज्यांची कढई लावली होती. ते सिंधूला कळलं, पण बाईने भजी घेता का म्हणून विचारल्यावर. तिने घेतली, खाल्ली. तिखट लागली, गरम लागली. आणखी काहीतरी लागायला हवं होतं असं तिला वाटत राहिलं. मुली बाहेर आल्या त्या पेपरातल्या गणितांवरून भांडत भांडतच, आणि परतीच्या वाटेवर कोणी झोपलं नाही.

सगळ्यांना घरोघर सोडून पाचच्या सुमाराला तिने व्हॅन निंबाखाली लावली. कुलसुमबी दारातच होती. आत चाचा खाटेवर उशांना टेकलेला, सकाळपासून याच वाटेकडे डोळे लावून बसला असावा. मुली पोचल्या, सातही पोचल्या, हे सिंधूने आधी सांगितलं. चाचाने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मग तिने नळीचं सांगितलं, फेऱ्याचं सांगितलं. चार बोटं बरोबर पुरली म्हटल्यावर त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं की पुढचं सांगणं तिला नको झालं. पण सांगितलं. मी फुंकलं, चाचा.

कुलसुमबीने कानातला अत्तराचा फाया काढला आणि सिंधूच्या हातात ठेवला.

सिंधूने तो नाकाशी नेला. कापूस मऊ होता, थोडा तेलकट होता. तिने डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. तिला आठवत होती ती सकाळची लवंग. त्यानंतरचं काहीच आठवेना.

खाटेवरून चाचाने अचानक मान वर केली. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"कुलसुम," तो म्हणाला, "दूध लागून राह्यलं."

कुलसुमबी तशीच उभी राहिली, मग आत धावली. चाचाने पांघरूण नाकाशी नेलं, उशी नेली, स्वतःची बाही नेली. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. औषधाचा, घामाचा, निंबाच्या मोहराचा, एकेका वासाचं नाव तो घेऊ लागला. आणि मग त्याची नजर सिंधूच्या हाताकडे गेली. फाया अजून तिच्या नाकाशीच होता. चाचाने उशी खाली ठेवली.

बाहेर अंगणात कोणी नव्हतं. व्हॅन बंद होती, दारं लावलेली होती, किल्ली सिंधूच्या कमरेला होती. तिकडून आवाज आला. टाळूला जीभ लावून केलेला, लहानसा.

च्च.

तिघांनीही तो ऐकला. कुलसुमबी दारात करपलेलं पातेलं घेऊन थबकली होती. बैल नाई बाई, गाडी हाय, असं म्हणायला चाचाचे ओठ सवयीने हलले. तो सिंधूकडे बघत राहिला, आणि इतक्या आदराने त्याने आजवर कुणाकडे पाहिलं नसेल.

"रविवारी आठलाच आणते," सिंधू म्हणाली. "फुंकायचं काम आता माझ्याकडे. तेवढा फेरा कसा ठेवायचा ते शिकवा, चाचा."

तिने फाया कुलसुमबीला परत दिला. मुलींची एक वही गाडीत राहिली होती, ती आणायला ती उठली आणि अंगणात उतरली.